किल्लारीचा भूकंप, जगाची मदत आणि अडीचशे चौरस फुटांचे घर

३० सप्टेंबर १९९३ या दिवसाविषयी लातूर-धाराशिव भागातील वाचकांना नव्याने काही सांगण्याची आवश्यकता नाही. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तेरणेचे खोरे हादरले. सरकारी नोंदीनुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. काही आंतरराष्ट्रीय नोंदींत हाच आकडा ९,७०० च्या पुढे जातो. मृतांच्या मोजणीतही गाव, शासन आणि जग यांचे एकमत होऊ शकले नाही, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याला बरेच काही सांगून जाते.

प्रस्तुत लेखात आम्हांस त्या रात्रीचे वर्णन करावयाचे नाही. ज्यांनी ते पाहिले, त्यांच्यापाशी आमच्यापेक्षा अधिक नेमके शब्द आहेत. आम्हांस विचार करावयाचा आहे तो एका वेगळ्या प्रश्नाचा. एखाद्या प्रदेशावर आपत्ती कोसळते तेव्हा देशोदेशींची मदत, तज्ज्ञ, कर्ज आणि नियम त्या प्रदेशाकडे निघतात. ही सारी यंत्रणा कोणत्या वाटेने येते, कोठे अडते, आणि गावाच्या टोकाशी असलेल्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचेतो तिच्यातले काय शिल्लक राहते? किल्लारीच्या निमित्ताने या प्रश्नाचा पुरता अभ्यास करता येतो, कारण आपल्या मराठवाड्यात जग एवढ्या मोठ्या प्रमाणावर उतरल्याचा दुसरा प्रसंग आम्हांस ठाऊक नाही.

प्रथम पूर्वतयारीचा विचार करू. भूकंप अचानक झाला असे आपण म्हणतो. परंतु ऑगस्ट १९९२ पासून किल्लारी परिसरात लहान लहान धक्के बसत होते आणि १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का तर चांगलाच जाणवण्याजोगा होता. तरीही अधिकृत नकाशावर हा प्रदेश त्या काळी सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या भूकंपक्षेत्रात होता. दख्खनच्या कातळावर वसलेला भाग म्हणजे स्थिर भाग, हा समज अभियंत्यांपासून गवंड्यांपर्यंत सर्वत्र रुजलेला होता. (पहिले क्षेत्र ही वर्गवारीच पुढे २००२ मध्ये रद्द झाली आणि लातूर तिसऱ्या क्षेत्रात गेले.) त्याच काळात संयुक्त राष्ट्रांनी १९९० ते १९९९ हे दशक नैसर्गिक आपत्ती कमी करण्याचे आंतरराष्ट्रीय दशक म्हणून जाहीर केलेले होते. जिनिव्हात बैठका होत होत्या, ठराव होत होते. त्या दशकाच्या चौथ्या वर्षी किल्लारी कोसळले. जगापाशी ज्ञान नव्हते असे म्हणता येत नाही. ते ज्ञान तेरणेच्या काठी आणणारी वाट बांधलेली नव्हती.

त्या ज्ञानाचे स्वरूप फार गूढ नव्हते. आपल्याकडील माळवदाचे घर आठवावे. दोन-अडीच फूट जाडीची दगडमातीची भिंत. पण ती एकसंध नसून आतला एक थर, बाहेरचा एक थर आणि मध्ये चिपा व माती अशी भरलेली. वर सागवानी किंवा बाभळीच्या तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून दरवर्षी वाढत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात हे घर गार राहते. धक्का बसला की मात्र भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटतात, बाहेरचा थर ढासळतो आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर येते. भिंत बांधताना ठरावीक अंतरावर तिच्या पूर्ण जाडीचे आरपार दगड बसवणे, कोपरे सांधणे, भिंतींच्या वरून चारही बाजूंनी एक अखंड पट्टा फिरवणे आणि माळवदावरील माती कमी करणे, एवढ्याने पुष्कळ जीव वाचू शकतात. भारतीय मानक ब्यूरोने अशा कमी मजबुतीच्या दगडी बांधकामासाठी मार्गदर्शक नियम काढले ते १९९३ मध्येच. नियम आणि भूकंप एकाच वर्षीचे.

येथे एक विदारक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. गढीच्या आणि वाड्याच्या भिंती जितक्या जाड, तितका त्यांच्याखालचा मृत्यू निश्चित. बौद्धवाड्यातील, मांगवाड्यातील कुडाचे किंवा पत्र्याचे घर पडले तरी ते हलके असल्याने त्याखालून माणूस निघण्याची शक्यता अधिक. पिढ्यान्पिढ्यांच्या दारिद्र्याने त्या पहाटे काही जीव वाचवले. पुढे पुनर्वसनाचा हिशेब मांडला गेला तेव्हा तेच दारिद्र्य पुन्हा आडवे आले. त्याकडे आम्ही लवकरच वळणार आहोत.

पहिल्या चोवीस तासांत ढिगाऱ्यातून माणसे काढली ती प्रामुख्याने शेजाऱ्यांनी. हे केवळ किल्लारीचे वैशिष्ट्य नव्हे. जगातील बहुतेक मोठ्या भूकंपांत असेच घडलेले आहे. दूरचे पथक कितीही निष्णात असले तरी ते विमानात बसेपर्यंतच मोलाचे तास संपलेले असतात. सैन्य आले, शासकीय यंत्रणा हलली, डॉक्टर धावले. त्याच वेळी मदत करणाऱ्यांच्या आणि नुसते पाहायला आलेल्यांच्या वाहनांनी अरुंद रस्ते भरून गेले आणि वरून पाऊस सुरू झाला. ज्या गावाचे नाव वर्तमानपत्रांत व दूरदर्शनवर आले, तिकडे मदतीचा ओघ. नाव न आलेल्या वाडीत मात्र प्रतीक्षा. सद्भावना भरपूर होती. कोणी कोठे जायचे हे सांगणारे एक ठिकाण मात्र नव्हते.

जगाने हा धडा किल्लारीच्या पाच वर्षे आधी आर्मेनियात घेतला होता. ७ डिसेंबर १९८८ रोजी तेथील स्पिटाक परिसरात भूकंप होऊन २५,००० हून अधिक माणसे गेली. सोव्हिएत संघाने बाहेरच्या जगाला दारे उघडली आणि अनेक देशांची पथके एकदम येऊन थडकली. कोणाची भाषा कोणाला कळेना, कोणापाशी कुत्री होती तर कोणापाशी कटर, आणि एकाच ढिगाऱ्यावर दोन-दोन पथके. त्या अनुभवातून १९९१ मध्ये शोध व बचाव पथकांचा आंतरराष्ट्रीय सल्लागार गट स्थापन झाला. त्याने घालून दिलेली पद्धत साधी आहे. पथकांची हलके, मध्यम आणि जड अशी वर्गवारी करायची. आलेल्या प्रत्येक पथकाची नोंद विमानतळावरच एका स्वागत केंद्रात घ्यायची. आपत्तीच्या जागी एक समन्वय केंद्र उभारून पथकांना विभाग वाटून द्यायचे, आणि तपासून झालेल्या इमारतीवर ठरलेली खूण रंगवायची म्हणजे दुसरे पथक तेथे वेळ दवडणार नाही. सर्वांत महत्त्वाचे, निर्णयाचा अधिकार आपत्तीग्रस्त देशाच्या शासनाचा. पाहुण्याने यजमानाच्या हाताखाली काम करायचे. डिसेंबर २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या पद्धतीला ठरावाद्वारे पाठबळ दिले. तरीही २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपात काठमांडूच्या एकाच धावपट्टीवर विमानांची इतकी दाटी झाली की मदतीची विमाने उतरू शकत नव्हती, आणि पुढे मोठ्या विमानांवर बंदी घालावी लागली. कागदावरचा समन्वय धावपट्टीची लांबी वाढवू शकत नाही.

भारतही आता केवळ मदत घेणारा देश राहिलेला नाही. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि त्यातून उभे राहिलेले राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांच्या बळावर आपली पथके २०११ मध्ये जपानमध्ये, २०१५ मध्ये नेपाळमध्ये आणि २०२३ मध्ये तुर्कस्तानात गेली. याचा अभिमान वाटणे योग्यच आहे. आम्हांस मात्र पथकांहून पुनर्वसनाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण बचावकार्य आठवड्यात संपते आणि पुनर्वसन पुढच्या दोन पिढ्यांचे आयुष्य ठरवते.

किल्लारीनंतर महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने भूकंप पुनर्वसन प्रकल्प हाती घेतला. बँकेने मंजूर केलेले कर्ज सुमारे २४ कोटी ६० लाख डॉलरचे होते. जोडीला इतर देशांचे साहाय्य होते आणि देशातील अनेक स्वयंसेवी संस्था व उद्योगसमूहांनी गावे दत्तक घेतली. पूर्णपणे उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांचे स्थलांतर करून नवी गावठाणे वसवायची, आणखी २२ गावांची पुनर्बांधणी करायची आणि सुमारे अडीच हजार गावांतील तडे गेलेली घरे जागच्या जागी दुरुस्त व मजबूत करायची, अशी त्रिस्तरीय आखणी होती. त्या काळात जगात अशा स्वरूपाची जी मोठी कामे झाली, त्यांत याची गणना होते. कामाचा आवाका आणि वेग पाहता शासनाला आणि कर्मचाऱ्यांना त्याचे श्रेय द्यावेच लागेल.

परंतु घर किती मोठे द्यायचे, याचे उत्तर काय ठरले? स्थलांतरित गावांत ते कुटुंबाच्या जमिनीवर ठरले. भूमिहीन आणि अत्यल्प जमीन असणाऱ्याला २५० चौरस फुटांचे घर. मध्यम शेतकऱ्याला ४०० चौरस फुटांचे. सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५० चौरस फुटांचे. जुन्या गावात ज्याचा वाडा होता त्याला मोठे घर आणि ज्याची खोपी होती त्याला लहान घर, असा तो सरळ हिशेब. शासनाची बाजूही समजून घेतली पाहिजे. बैलबारदाना, कडबा, धान्य ठेवायला शेतकऱ्याला जागा लागते, आणि मोठ्या शेतकऱ्याने लहान घर स्वीकारलेच नसते तर स्थलांतरच फसले असते. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. तथापि, ज्या पैशातून ही घरे उभी राहिली तो पैसा साऱ्या जनतेच्या नावावर घेतलेल्या कर्जाचा आणि जगाच्या करुणेचा होता. त्या पैशाने सात-बाऱ्याचा उतारा हाच माणसाच्या गरजेचा पुरावा मानला.

सात-बाऱ्यावर ज्याचे नाव नाही तो कसणारा असूनही भूमिहीनच ठरतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, ते याच एका उताऱ्यासाठी होते. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या बौद्ध व मातंग कुटुंबांची झुंज त्यानंतरही अनेक दशके चालूच राहिली. तेव्हा भूकंपाने सर्वांना एका पातळीवर आणले होते असे जे म्हटले जाते, ते फार तर पहिल्या काही दिवसांपुरते खरे असेल. आखणीचा कागद पुढे आला आणि जुने गाव त्या कागदातून पुन्हा उगवले. ज्या गावठाणात सारख्या आकाराचे भूखंड एका ओळीत आखले गेले, तेथे भूमिहीनांची ओळही आपोआप वेगळी पडली. सिमेंटच्या भिंती, रुंद रस्ते, विजेचे खांब, सारे नवीन; वस्तीची शिवण मात्र तीच.

आम्ही हे दोषारोप करण्यासाठी लिहीत नाही. हा निर्णय घेताना टेबलाभोवती कोण बसले होते, एवढाच प्रश्न विचारावयाचा आहे. कर्ज देणारा आणि कर्ज घेणारा यांचा समन्वय उत्तम होता. त्या समन्वयात २५० चौरस फुटांत सासू-सासरे, मुले आणि शेळी यांच्यासह राहणाऱ्या बाईला आवाज नव्हता.

हाच अनुभव पुढे इतरत्रही आला. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या नागपट्टिनम भागात दलित कुटुंबांना मदत छावण्यांत, पाण्याच्या टाक्यांपाशी आणि लाभार्थ्यांच्या याद्यांत भेदभाव सोसावा लागला, याची नोंद मानवाधिकार संघटनांनी करून ठेवली आहे. जागतिक रेडक्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्था यांनी १९९४ मध्ये मदतकार्याची आचारसंहिता स्वीकारली. मदत देताना वंश, पंथ, राष्ट्रीयत्व पाहू नये, कोणताही प्रतिकूल भेद करू नये, गरज हाच निकष असावा, असे तीत म्हटले आहे. तत्त्व निर्दोष आहे. जातीचे नाव मात्र त्या वाक्यात नाही. युरोपातून आलेल्या प्रामाणिक कार्यकर्त्याला एका गावात दोन पाणवठे का आहेत हे समजायला वेळ लागतो, आणि तोवर याद्या तयार झालेल्या असतात.

या बाबतीत आपला कायदा जगाच्या पुढे आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६१ मध्ये भरपाई व मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांच्या आधारे भेदभाव करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे. त्याच कायद्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. म्हणजे तक्रार कोणाकडे न्यायची तेही निश्चित आहे. पालकांनी हे कलम आपल्या मुलांच्या वहीत लिहून घ्यावे, असे आम्ही सुचवितो.

किल्लारीच्या कहाणीला दुसरी बाजूही आहे आणि ती अधिक आशादायक आहे. नवी गावठाणे कंत्राटदारांनी आणि संस्थांनी बांधली. परंतु जी लाखाहून अधिक घरे जागच्या जागी मजबूत करायची होती, ती घरमालकांनी स्वतः करायची होती. शासनाकडून हप्त्यांनी पैसा व साहित्य मिळणार, अभियंता तपासणार, असा क्रम होता. काम हलेना. पैसा कशासाठी, आरपार दगड कशाला, तडा दिसत नसलेल्या भिंतीला हात का लावायचा, हे गावात कोणालाच नीट समजत नव्हते; आणि बायकांना कोणी विचारीतही नव्हते. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेला लोकसहभागाचे काम सोपवण्यात आले. हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांमधून 'संवाद सहायक' निवडल्या गेल्या. उंबरठा ओलांडून ग्रामसभेत न बसलेल्या या स्त्रिया कनिष्ठ अभियंत्याला प्रश्न विचारू लागल्या, गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवू लागल्या, कोणाचा हप्ता का अडला हे तालुक्याला जाऊन विचारू लागल्या. दुरुस्तीचा कार्यक्रम रुळावर आला त्यात त्यांचा वाटा मोठा होता.

आंतरराष्ट्रीय समन्वयाचे खरे उदाहरण आम्हांस येथे दिसते. कच्छच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या या स्त्रिया गुजरातेत गेल्या. त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर गेल्या. १९९९ च्या भूकंपातून सावरणाऱ्या तुर्कस्तानातील महिला गटांशीही त्यांच्या अनुभवांची देवाणघेवाण झाली. भाषा वेगळी, धर्म वेगळा. पण पहिल्या महिन्यात याद्यांवर लक्ष ठेवा, घराचा नकाशा मंजूर होण्याआधी पाहायला मागा, चुलीची जागा स्वतः ठरवा, असले सल्ले कोणत्याही हस्तपुस्तिकेपेक्षा लवकर समजतात. मोठ्या परिषदांत हाच विचार पुढे ठरावांच्या भाषेत आला. योकोहामा १९९४, ह्योगो २००५, सेंदाई २०१५ या तीन आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांचा प्रवास पाहिला तर आपत्ती कोसळल्यावर धावण्याकडून धोका आधीच कमी करण्याकडे आणि स्थानिक समाजाच्या सहभागाकडे भर सरकत गेलेला दिसतो.

मुलांचा उल्लेख केल्याविना हा विषय सोडणे एका निवासी शाळेच्या स्मरणिकेला शोभणार नाही. भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना भारतीय जैन संघटनेने पुण्यात नेऊन शिकवले. नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी 'आपलं घर' उभे केले. एक वाट मुलांना दूर नेण्याची, दुसरी त्यांच्या मुलखातच ठेवण्याची. दोन्हींतून माणसे उभी राहिली. वसतिगृह म्हणजे काय असते हे आपल्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही.

आता नांदेडकडे वळू. नांदेडच्या वाचकाला भूकंपापेक्षा पूर जवळचा वाटतो, आणि पुराला राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. मांजरा नदी बीड, धाराशिव, लातूर करीत कर्नाटकात बीदरकडे जाते, पुढे तेलंगणात निजामसागरात थांबते आणि परत नांदेडच्या सीमेवर येऊन गोदावरीला मिळते. एका नदीला तीन राज्ये. गोदावरीच्या वरच्या अंगाला जायकवाडी, खालच्या अंगाला पोचमपाड. वरून किती पाणी सुटणार आणि खाली किती तुंबणार याचा मेळ बसला नाही तर मधल्या बिलोली-धर्माबादच्या शिवारांचे काय होते, ते तेथील शेतकऱ्याला विचारावे. बाभळी बंधाऱ्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला. त्यानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात दरवाजे उघडे ठेवावे लागतात आणि देखरेखीला दोन्ही राज्यांची व केंद्राची मिळून समिती आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीच्या अतिवृष्टीने लेंडी खोऱ्यातील रावणगाव, हसनाळ ही गावे पाण्याने वेढली गेली आणि हसनाळात जीवितहानी झाली. लेंडी हाही दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प आहे. त्या वेळी नांदेड, लातूर आणि बीदर या तीन जिल्ह्यांच्या प्रशासनांना एकमेकांशी सतत संपर्क ठेवावा लागला. देशादेशांतील समन्वयाच्या साऱ्या अडचणी या तीन जिल्ह्यांत लहान प्रमाणात पाहायला मिळतात.

हा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऐंशी वर्षांपूर्वी केला होता. १९४३ च्या जुलैमध्ये दामोदर नदीचा बांध फुटून कोलकात्याकडे जाणारे लोहमार्ग आणि रस्ते तुटले. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्या खात्याकडे होते. ३ जानेवारी १९४५ रोजी कोलकात्यात बंगाल व बिहारच्या प्रतिनिधींची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली; त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कटक येथे महानदीविषयी परिषद झाली. नदीचे संपूर्ण खोरे हा एकच घटक मानावा, पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांची आखणी एकत्र व्हावी आणि प्रांतांनी आपापल्या सीमेपुरते पाहू नये, अशी त्या धोरणाची दिशा होती. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या योजनेचा अनुभव त्यांच्या खात्याने अभ्यासला आणि तेथील अभियंत्याचे साहाय्यही घेतले. परदेशी ज्ञान घ्यावे, निर्णय मात्र आपल्या लोकांच्या गरजेवर घ्यावा, ही शिस्त त्यात दिसते. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ मध्ये झाला. बाबासाहेबांच्या जलनीतीवर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. मांजरा आणि लेंडीच्या संदर्भात ती कोणी वाचून दाखवीत नाही.

भूकंपाचा धोकाही संपलेला नाही. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ या दोन्ही दिवशी हिंगोली जिल्ह्यात साडेचारच्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले आणि नांदेड शहरात लोक घराबाहेर आले. बातमी दोन दिवस चालली.

शेवटी आपल्या माजी विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल अशी एक व्यावहारिक माहिती. आपल्यापैकी काहीजण आज परदेशांत आहेत, आणि गावावर संकट आले की पैसे पाठवण्याची त्यांची इच्छा असते. २००४ च्या त्सुनामीपासून भारत सरकार परदेशी सरकारांची आपत्तीकालीन मदत सहसा स्वीकारत नाही. २०१८ च्या केरळच्या पुरात हे पुन्हा दिसले. व्यक्तींच्या देणग्यांना परकीय अंशदान कायदा लागू होतो. भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने परदेशातील स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेला पैसा परकीय अंशदान धरला जात नाही. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले त्याची देणगी मात्र परकीय ठरते. ती केवळ नोंदणीकृत किंवा पूर्वपरवानगी मिळालेल्या संस्थेलाच आणि तीही दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच घेता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देण्यासही मनाई आहे. याचा अर्थ, मोठ्या संस्थेला आलेले परदेशी पैसे मुखेड किंवा औशाच्या एखाद्या लहान महिला मंडळाकडे वळवता येत नाहीत. हिशेबाची पारदर्शकता हवीच. पण शेवटच्या वस्तीला ओळखणाऱ्या लहान संस्थाच या तरतुदीने अधिक अडचणीत आल्या आहेत, असे आमचे मत आहे.

तेव्हा पैशाखेरीज जे देता येईल त्याचा विचार अधिक फलदायी ठरेल. आपत्तीच्या पहिल्या दोन दिवसांत बोलावल्याविना गाडी भरून निघू नये. तहसील कार्यालयाला किंवा गावातील ओळखीच्या माणसाला आधी विचारावे. जुने कपडे पाठवू नयेत. आपापल्या गावच्या आपत्ती आराखड्याची प्रत ग्रामपंचायतीत मागावी आणि बौद्धवाडा, मांगवाडा, पारध्यांची पाले, ऊसतोडीला गेलेल्यांची बंद घरे, एकट्या राहणाऱ्या वृद्धा व अपंग व्यक्ती यांची नावे त्यात आहेत की नाहीत ते पाहावे. पूर आल्यास त्या वस्तीतून उंचावर जाणारा रस्ता कोणाच्या शेतातून जातो आणि त्याने तो खुला ठेवण्याचे कबूल केले आहे काय, हेही त्यात लिहून घ्यावे. स्थापत्य अभियंता झालेले आपले विद्यार्थी थोडे नाहीत. त्यांनी एप्रिल-मे महिन्यांत, गवंडी मोकळे असतात तेव्हा, आपल्या गावची जुनी माळवदे आणि दगडी शाळाखोल्या एकदा पाहून द्याव्यात. माळवदावरची माती किती उतरवायची, भिंतीत आरपार दगड कोठे बसवायचे आणि पट्टा कोठून फिरवायचा, हे सांगायला एक दुपार पुरते, आणि त्यासाठी लागणारा दगड बहुधा त्याच अंगणात पडलेला असतो.